'कैसर' आणि 'केसरी' : एका व्युत्पत्तीचें परीक्षण

१. प्रस्ताव

रोमच्या बादशहांचें 'सीझर' हें नांव आणि आपल्या जुन्या कागदांत क्वचित् भेटणारा 'कैसर' हा शब्द, या दोहोंचें मूळ संस्कृत 'केसरी' या शब्दांत आहे, असें मत आपल्याकडे बोलण्यांत व लिहिण्यांत अधूनमधून डोकावतें. सिंहास आयाळ असते म्हणून तो केसरी. राजा हा मनुष्यांतील सिंह, म्हणून तोहि केसरी. आणि हाच केसरी पश्चिमेस जाऊन कैसर झाला, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी सुबोध आहे, ऐकणाराच्या स्वाभिमानास सुखावणारी आहे, आणि तिच्या मुळाशीं एक विचारार्ह गोष्टहि आहे. म्हणूनच ती नीट पारखून घेणें अवश्य आहे.

हें परीक्षण परक्याच्या चुकीचें नव्हे. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत शिकविलें. इन्नन्त शब्द चालविण्याचा धडा आला म्हणजे फळ्याच्या एका बाजूस 'केसरी' व दुसऱ्या बाजूस 'कैसर' लिहून मध्यें बाण काढावयाचा, असा त्याचा परिपाठ असे. मुलांस तें आवडे. गेल्या वर्षीं त्यांतीलच एक विद्यार्थी, जो आतां जुन्या कागदांचा साक्षेपी संग्राहक झाला आहे, आपल्या संग्रहांतील एका मोडी कागदाची बालबोध नक्कल तपासून घेण्यासाठीं आला. दूरदूरच्या राजांचीं नांवें सांगणाऱ्या एका वाक्यांत नकलेमध्यें 'रूमचा केसरी' असे शब्द होते. मूळ कागद पाहिला, तों 'क' वर दोन मात्रा स्पष्ट, आणि 'र' ला वेलांटी मुळींच नाहीं. हें असें कां केलें, असें विचारतां तो म्हणाला, "सर, कारकुनाच्या हातून चूक झाली असावी असें वाटलें. मूळ शब्द केसरी, असें आपणच शिकविलें होतें." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

फळ्यावरील चूक पुसतां येते. नकलेंतील चूक मात्र, मूळ कागद एकदां वाळवीनें खाल्ला कीं, कायमचें प्रमाण होऊन बसते. या भीतीनें पुढील विचार लिहून काढला आहे.

२. रोमन नांवांची रीति

ज्यास आपण ज्यूलियस सीझर म्हणतों, त्याचें पूर्ण नांव गायस ज्यूलियस सीझर. त्यांत गायस हें त्याचें स्वतःचें नांव, ज्यूलियस हें कुळाचें नांव, आणि सीझर हें त्या कुळाच्या एका शाखेचें उपनाम. हें उपनाम त्यानें मिळविलेलें नसून त्याला वडिलांकडून आलेलें होतें. इ. स. पूर्वी २०८ या वर्षीं सेक्स्टस ज्यूलियस सीझर नांवाचा एक गृहस्थ रोममध्यें प्रेटर या अधिकारपदावर होता; तेव्हां सुप्रसिद्ध सीझरच्या जन्मापूर्वीं शंभर वर्षें तरी हें उपनाम चालत होतें. त्याचा लॅटिन उच्चार 'काएसार' असा होता आणि ग्रीकांत तें 'कैसार' असें लिहीत. 'सीझर' हा उच्चार आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेनें आला आहे.

रोमन उपनामें बहुधा मनुष्याच्या अंगावरील खुणांवरून पडलेलीं असत. नासो म्हणजे नाकाड्या, क्रासस म्हणजे स्थूल. सिसरो या नांवांत हरभऱ्यासारख्या दाण्याचा शब्द आहे. ज्यांच्यांत काळे, गोरे, बोबडे आणि टकले हीं आडनांवें पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्या आपणांस ही रीति परकी वाटण्याचें कारण नाहीं. परंतु आडनांव टकले असलेल्या गृहस्थाच्या मस्तकावर भरपूर केस असूं शकतात, हेंहि आपण जाणतों. नांव पूर्वजास पडतें आणि वंशज तें वाहतो. सीझरच्या बाबतींत या गोष्टीचें विस्मरण झाल्यानें बरेच घोटाळे झाले आहेत.

३. प्राचीनांच्या चार व्युत्पत्ति

खुद्द रोमन लोकांस या नांवाचा अर्थ निश्चित ठाऊक नव्हता. बादशहांचीं चरित्रें सांगणाऱ्या 'हिस्टोरिया ऑगस्टा' या उत्तरकालीन ग्रंथांत त्याच्या चार उपपत्ति एकत्र दिल्या आहेत. पहिली : मूर लोकांच्या भाषेंत हत्तीस 'काएसाइ' म्हणत, आणि या घराण्यांतील एकानें युद्धांत हत्ती मारला. दुसरी : मूळ पुरुषाचा जन्म मातेचें उदर कापून झाला, 'काएसुस' म्हणजे कापलेला. तिसरी : तो जन्मला तेव्हां त्याच्या डोक्यावर दाट केस होते, 'काएसरिएस' म्हणजे केशभार. चौथी : त्याचे डोळे निळसर घारे होते, 'काएसिउस' म्हणजे तसा रंग.

पैकीं हत्तीची कथा नाण्यांच्या संग्राहकांस परिचित असेल. इ. स. पूर्वी ४९ च्या सुमारास सीझरनें पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर हत्ती आहे व त्याखालीं केवळ 'काएसार' एवढींच अक्षरें आहेत. परंतु नाण्यावरील चित्र हें नांवावरचा श्लेषहि असूं शकतें. श्लेष ही व्युत्पत्ति नव्हे.

उदर कापण्याची कथा सर्वांत अधिक पसरली. तिचा आधार थोरल्या प्लिनीचा. परंतु प्लिनी सांगतो तें सीझर घराण्यांतील पहिल्या पुरुषाविषयीं. ज्यूलियस सीझरचा जन्म इ. स. पूर्वी १०० मधला, आणि त्याची आई ऑरेलिया इ. स. पूर्वी ५४ पर्यंत हयात होती. त्या काळीं ही शस्त्रक्रिया मृत किंवा मरणोन्मुख मातेवरच करीत. आपल्या सुश्रुतसंहितेंतहि गर्भिणी अकस्मात् मरण पावली असतां उदर चिरून मूल काढण्याचा विधि सांगितला आहे, तो मृतेसंबंधींच. तेव्हां ही कथा त्या सीझरला लागू पडत नाहीं. तरी सूतिकागृहांत आज 'सीझर झालें' असें म्हणतात, त्यांत हीच समजूत जिवंत आहे.

राहिली केशभाराची उपपत्ति. चरित्रकार स्वेटोनियस सांगतो कीं, सीझरला टक्कल होतें, त्याचें त्याला फार वाईट वाटे, आणि मस्तकावर सदैव पर्णमुकुट घालण्याचा मान त्यानें आनंदानें घेतला, त्याचें हेंच कारण. नांव पूर्वजाचें असल्यानें एवढ्यावरून उपपत्ति खोटी ठरत नाहीं. पण तिला दुजोराहि मिळत नाहीं. आमची 'केसरी'ची मांडणी हिच्याच आधारावर उभी असते.

४. 'केसर' व 'काएसरिएस'

येथें प्रतिपक्षाची बाजू पुरती सांगितली पाहिजे, कारण तिच्यांत तथ्य आहे. संस्कृत 'केसर' म्हणजे केस, आयाळ. लॅटिन 'काएसरिएस' म्हणजे केशभार. संस्कृतांतील 'ए' हा बहुत ठिकाणीं जुन्या 'अइ' पासून झालेला असतो, आणि लॅटिनांत त्याच्या समोर 'आए' येतो. 'ए' च्या पुढील 'स' चा 'ष' व्हावयास हवा, तो 'केसर' शब्दांत कां झाला नाहीं, ही शंका वैयाकरण घेईल. परंतु पुढें 'र' असल्यास हा मूर्धन्यादेश होत नाहीं, असा निषेध पाणिनीनें अष्टमाध्यायांत सांगितलाच आहे. 'तिस्रः' हें रूप सर्वांच्या परिचयाचें आहे. 'केसर' याचें जुनें रूप 'केस्र' असें धरल्यास ती शंका फिटते. मोनियर विल्यम्स यांच्या कोशांत 'केसर' शब्दाखालीं हा लॅटिन शब्द तुलनेस दिलेला आहे. तेव्हां हे दोन शब्द सख्ख्या बहिणी असण्याचा संभव आहे, हें मी मान्य करितों.

परंतु यावरून काय सिद्ध होतें? येथें तीन विधानें एकमेकांत मिसळलीं जातात, तीं निराळीं केलीं पाहिजेत. 'केसर' व 'काएसरिएस' यांचें मूळ एक, हें पहिलें विधान, तें संभवनीय. 'काएसार' हें नांव 'काएसरिएस' पासून निघालें, हें दुसरें; तें प्राचीनांच्या चार तर्कांपैकीं एक. 'काएसार' हें 'केसरी' पासून निघालें, हें तिसरें. आणि तें पहिल्या दोहोंपासून निघतच नाहीं. बहीण ही आई होत नाहीं. शिवाय 'केसरिन्' हा शब्द 'केसर' यास मत्वर्थीय इनि प्रत्यय लागून संस्कृतांत सिद्ध झालेला आहे. त्या प्रत्ययाचा मागमूस रोमन नांवांत नाहीं. फळ्यावर मी जो बाण काढीत असें, तो या तिसऱ्या विधानाचा होता.

५. योग आणि रूढि

सर्व नामें धातूंपासून निघालीं, असें शाकटायनाचें मत. सर्व नव्हेत, असें गार्ग्याचें. हा वाद यास्कानें निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायांत मांडला आहे. आमच्या शास्त्रकारांनीं पुढें योगापेक्षां रूढि बलवान् असा निर्णय केला. 'कुशल' म्हणजे कुश तोडणारा, 'प्रवीण' म्हणजे वीणेंत निपुण, हा योगार्थ. पण कुशल वैद्य दर्भ तोडावयास जात नाहीं. सीझर या नांवाचा इतिहास म्हणजे रूढीनें योगास पुसून टाकल्याचें उदाहरण होय.

इ. स. पूर्वी ४४ मध्यें सीझरचा वध झाला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें ऑक्टेव्हियन दत्तक गेला व त्यानें बापाचें नांव धारण केलें. यापुढें तें नांव दत्तविधानानें चालत राहिलें, टायबेरियस इ. स. ४ मध्यें दत्तक जाऊनच सीझर झाला. इ. स. ४१ मध्यें क्लॉडियस गादीवर आला, तो ना जन्मानें सीझर होता, ना दत्तकानें; त्यानें नांव नुसतें घेतलें. त्या क्षणीं आडनांवाचा किताब झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. इ. स. ६८ मध्यें नीरोच्या मृत्यूनें ते घराणें संपलें, तरी गादीवर येणाऱ्या गाल्बानें तें नांव घेतलेंच. हेड्रियनच्या वेळेपासून बादशहा तो 'ऑगस्टस' व नेमलेला वारस तो 'सीझर' असा भेद पडला, इ. स. २९३ मध्यें डायोक्लीशियननें दोन ऑगस्टस व दोन सीझर अशी राज्याची वांटणी केली. पुढें कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारांत 'कैसार' हा केवळ एक मानाचा हुद्दा उरला आणि इ. स. १०८१ नंतर त्याच्याहि वर दुसरा हुद्दा निर्माण झाला.

म्हणजे कुळाचें नांव, बादशहाचें नांव, बादशहाचा किताब, वारसाचा किताब, दरबारी हुद्दा अशीं स्थित्यंतरें एकाच शब्दाचीं झालीं. या कोणत्याहि पायरीवर केस, हत्ती, डोळे किंवा शस्त्र यांचा प्रश्न कोणाच्या मनांत नव्हता. नांवास स्वतःचा अर्थ उरला नव्हता, म्हणूनच नवा अर्थ त्यांत सहज भरतां आला.

६. देशोदेशींचीं रूपें

रोमन सत्तेबाहेर हें नांव ज्या ज्या वाटेनें गेलें, त्या त्या वाटेची खूण त्याच्या रूपावर उमटली. जर्मनांत 'कायझर', स्लाव्ह भाषांत 'त्सार', अरबी-फारसींत 'कैसर'. रशियाच्या चौथ्या आयव्हाननें १५४७ सालीं त्सार म्हणून राज्याभिषेक करविला. १९१७ सालीं तेथील त्सार गेला, १९१८ सालीं जर्मनीचा कायझर गेला, आणि १९४६ सालीं बल्गेरियाचा त्सारहि गेला. १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर दुसऱ्या महंमदानें 'कैसर-इ-रूम' हा किताब घेतला. शाहनाम्यांतहि रोमच्या बादशहास कैसरच म्हटलें आहे.

मराठींत यांपैकीं चार रूपें शेजारीं शेजारीं नांदत आहेत : इंग्रजीवाटें सीझर, फारसीवाटें कैसर, जर्मनांचा कायझर आणि रशियाचा झार. 'झारशाही' हा शब्द तर जुलुमी राज्यास आपण इतक्या सहजतेनें लावतों कीं, त्यांत एका रोमन घराण्याचें आडनांव दडलें आहे, याचें भान राहत नाहीं. आतां प्रश्न असा : झार, कायझर व सीझर हेहि 'केसरी' पासूनच निघाले काय? या तिघांसाठीं कोणी तसें म्हणत नाहीं. आवाजाचें साम्य केवळ 'कैसर' या एका रूपांत दिसतें म्हणून तेवढ्यापुरती ती व्युत्पत्ति सुचते. चार भावंडांपैकीं एकाचाच चेहरा शेजाऱ्यासारखा दिसला, म्हणून गोत्र ठरवावयाचें नसतें.

'कैसर-इ-हिंद' या किताबाचा इतिहासहि हेंच सांगतो. १८७६ च्या कायद्यानें व्हिक्टोरिया राणीस नवें पद मिळालें आणि १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीच्या दरबारांत तें पुकारण्यांत आलें. त्याचें देशी भाषांतर काय करावें, याविषयीं लाहोरच्या सरकारी कॉलेजाचे प्रमुख लाइट्नर यांनीं 'कैसर-इ-हिंद' हा शब्द सुचविला व त्याच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा कीं, हा शब्द या देशांतील लोकांस ऐकून ठाऊक आहे, तरी येथील कोणत्याहि पूर्वीच्या राजाचा किंवा एका धर्माचा तो नाहीं. म्हणजे परकेपणा हाच त्याचा गुण ठरला. 'केसरी' शीं त्याचें नातें असतें, तर ज्या कारणासाठीं तो निवडला तें कारणच उरलें नसतें. मूळ पुल्लिंगी शब्द राणीस लावतांनाहि कोणास अडचण वाटली नाहीं. रूढीचें बळ तें हेंच. याच नांवाचें पदक १९०० सालापासून देण्यांत येऊं लागलें. तें पंडिता रमाबाईंस १९१९ सालीं मिळालें, आणि गांधीजींनीं १९१५ सालीं मिळालेलें आपलें पदक १९२० सालीं परत केलें. १९४८ सालीं ब्रिटनच्या राजानें हिंदुस्थानचें सम्राट्पद सोडलें, तेव्हां हें प्रकरण संपलें. आमच्या घोटाळ्यास मात्र त्या काळानें एक निमित्त दिलें असावें : पुण्यांत 'केसरी' १८८१ सालीं निघाला आणि 'कैसर-इ-हिंद' नांवाचें गुजराथी पत्र मुंबईस पुढच्याच वर्षीं. दोन्ही नांवें एकाच पिढीच्या कानांवर पडत होतीं.

७. आरा येथील शिलालेख

'केसरी' वाचण्याचा मोह किती महागांत पडेल, हें पाहण्यासाठीं अटकेजवळील आरा येथील खरोष्ठी लेख घ्यावा. तो राखालदास बॅनर्जी यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत संवत् ४१ असून वाझेष्कपुत्र कनिष्काचा उल्लेख आहे. त्याच्या बिरुदांत महाराज, राजातिराज, देवपुत्र यांच्या पुढें जें चौथें बिरुद आहे, तें ल्यूडर्स यांनीं 'कइसर' असें वाचलें. स्टेन कोनो यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या खरोष्ठी लेखांच्या संग्रहांत तेंच वाचन ठेविलें. अक्षरें झिजलेलीं असल्यानें त्यावर शंकाहि घेण्यांत आल्या आहेत, हें येथें नमूद केलें पाहिजे.

या वाचनांतील बारकावा संस्कृतज्ञांनीं ध्यानांत घ्यावा. प्राकृतांत 'ऐ' हा स्वर राहत नाहीं. संस्कृत 'ऐ' चा सामान्यतः 'ए' होतो. लेखकास 'केसरि' म्हणावयाचें असतें, तर 'के' लिहिणें त्यास अगदीं सोपें होतें. त्यानें 'क' लिहून पुढें 'इ' निराळी मांडली, ती परक्या शब्दांतील 'अइ' हा ध्वनि जसाच्या तसा राखण्यासाठीं. त्या एका सुट्या 'इ' मध्यें रोमच्या नांवाचा उच्चार सांपडतो. ती 'इ' 'सुधारून' 'के' केला कीं, सिंहाची एक साधी उपमा हातीं येते आणि एक ऐतिहासिक पुरावा हातचा जातो.

तो पुरावा लहान नाहीं. ल्यूडर्स यांनीं दाखविल्याप्रमाणें महाराज हें हिंदी बिरुद, राजातिराज हें इराणी वळणाचें, देवपुत्र हें चिनी सम्राटाच्या बिरुदाचें भाषांतर आणि कइसर हें रोमचें. म्हणजे चारी दिशांच्या सार्वभौमांचीं पदें एका कुशाण राजानें आपल्या नांवापुढें लाविलीं. कुजुल कडफिसेस याच्या एका प्रकारच्या नाण्यांवर रोमन धर्तीचें मस्तक आहेच. दक्षिण हिंदुस्थानांत सांपडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस व ल्यूशियस यांचा 'सीझर' असा अनेकवचनी उल्लेख असलेलीं नाणीं पुष्कळ आहेत. तेव्हां हें नांव त्या काळीं या देशांत येऊन पोंचलें होतें, याविषयीं शंका नको.

८. 'रोमा' ची 'रम्या' कशी झाली

नकलकारांनीं परक्या नांवास आपलासा अर्थ दिल्यानें पुरावा कसा हरपतो, याचें उदाहरण घरचेंच आहे. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दिग्विजयांत एका ठिकाणीं रूढ पाठांत 'अटवी' व 'रम्या' पुरी असे शब्द आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत एड्गर्टन यांनीं पोथ्यांच्या आधारें तेथें 'अन्ताखी' व 'रोमा' हे पाठ घेतले, आणि तीं अँटिओक व रोम या नगरांचीं नांवें ठरविलीं. परकें नांव कळलें नाहीं, म्हणून कोण्या लेखकानें अँटिओकचें अरण्य केलें आणि रोमचें एक रमणीय नगर केलें. त्याचा हेतु वाईट नव्हता. त्याला वाटलें, आपण अशुद्ध शुद्ध करीत आहों. कांहीं पोथ्यांच्या लेखकांनीं न कळणारें अक्षर तसेंच उतरलें, म्हणून आज आपणांस तें नांव परत मिळालें.

'रोम' म्हणजे केस, म्हणून रोमक हे केसाळ लोक. 'केसर' म्हणजे केस, म्हणून कैसर हा त्यांचा राजा, अशी जोडी जुळविण्याचा मोह कोणासहि व्हावा. वराहमिहिरानें ज्या पांच सिद्धांतांचा संग्रह केला, त्यांतील 'रोमक' सिद्धांताचा मात्र केसांशीं कांहीं संबंध नाहीं. तें एका नगराच्या नांवाचें आपल्या लिपींत उतरलेलें रूप आहे.

९. उपसंहार

निष्कर्ष एवढाच कीं, 'कैसर' हा शब्द आपल्या कागदांत आला, तो रोमच्या आडनांवापासून ग्रीक, अरबी व फारसी या वाटेनें. 'केसर' हा शब्द लॅटिन केशवाचकाचा सगोत्र असूं शकेल, पण त्यावरून कैसरचें कुळ आपलें ठरत नाहीं. संग्राहकांस माझी विनंति आहे कीं, परकें नांव भेटलें असतां मात्रा, वेलांटी व अनुस्वार जसे असतील तसेच उतरावेत. अर्थ सुचला तर तो टीपेंत लिहावा, नकलेंत घालूं नये. कळलेला शब्द दुरुस्त करण्याचा मोह आवरतां येतो. न कळलेल्या शब्दाबाबत तो अधिक अनावर असतो, आणि नेमका तेथेंच तो घातक ठरतो.

माझ्या विद्यार्थ्यानें आपल्या नकलेंत 'रूमचा कैसर' हे शब्द पुनः जसेच्या तसे केले आहेत. खालीं त्यानें टीप दिली आहे कीं, पहिल्या नकलेंत येथें 'केसरी' असा पाठ होता, तो शिक्षकाच्या सांगण्यावरून पडला होता व शिक्षकाच्याच सांगण्यावरून काढला. ही टीप गाळावी काय, असें त्यानें मला विचारलें. ती ठेवावी, असें मीं सांगितलें.